एका भिंतीवर तिघांची चित्रकला

आमच्या घरी पोरांना चित्रकला शिकवायची ती कोणत्या पुस्तकातून, यावरून मी घरातल्या एकूण एक माणसाशी भांडले होते. आता आठवलं की हसू येतं. तेव्हा मात्र मला अगदी मनापासून वाटत होतं, की पुस्तक चुकलं तर एका पोरीचं आयुष्य चुकेल. माझा स्वभाव मुळात तापट. तुमसरच्या माहेरीही मला ‘मिरची’ म्हणत, आणि एकोडीच्या सासरी येऊन काही मी गूळ झाले नव्हते.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. शिकणारे तिघं होते. माझी धाकटी नणंद पंधरा वर्षांची, माझा मुलगा नऊ वर्षांचा आणि मुलगी पाचाची. गावातली शाळा सातवीपर्यंतच होती. तिथं चित्रकलेचे मास्तर नव्हते, कधी आलेही नव्हते. चित्रकलेच्या तासाला पोरं शाळेच्या बागेला पाणी घालत. नणंदेला साकोलीच्या हायस्कुलात एक वर्ष पाठवलं, मग ‘पोरगी मोठी झाली’ म्हणून घरी बसवलं. दहावी ती बाहेरून देणार होती, निदान असं आम्ही दोघी म्हणत होतो.

पण तिचा जीव होता चित्रात. भाकरी थापताना हात थांबवून परातीतल्या पिठावर बोटानं बगळा काढायची, आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओरडायच्या, ‘भाकर कर पयले, बगळा कोन खाईल?’ मी स्वतः माहेरी असताना सरकारी ड्रॉइंगची पहिली परीक्षा दिली होती. दुसरी परीक्षा द्यायच्या आत माझं लग्न झालं. म्हणून मला रस्ता ठाऊक होता. ड्रॉइंगच्या दोन परीक्षा, दहावी, मग नागपूरला ड्रॉइंग टीचरचा कोर्स, आणि मग नोकरी. साकोलीच्या हेडमास्तरांनी तिला त्यांच्या शाळेतून परीक्षेला बसू द्यायचं कबूल केलं होतं.

आता मामाजी. म्हणजे माझे सासरे. बोलणं मोजकं आणि एकदा बोलले की दगडावरची रेघ. त्यांनी त्याच सुमाराला कोंढ्याचं एक स्थळ पाहून ठेवलं होतं. मुलगा निर्व्यसनी, धानाची शेती, दारात म्हशी. नाव ठेवावं असं त्या स्थळात काहीच नव्हतं, हीच तर पंचाईत! मी परीक्षेची गोष्ट काढली तेव्हा ते अंगणात दोर वळत बसले होते. दोर वळता वळताच म्हणाले, ‘ड्रॉइंगमंदी पास झाली त पुढचं शिकंल. नापास झाली त लगन. मंग कोनी रडाचं नाही.’

मी लगेच ‘हो’ म्हटलं. त्यांनी एवढ्या सहज जबान का दिली, ते मला कळत होतं. चित्रं काढून कोणी पास होतं, यावर त्यांचा विश्वासच नव्हता.

झालं, आता शिकवायचं कसं? वेळ मिळायचा तो दुपारचा, रांधणं-वाढणं उरकलं की चहापर्यंत. तेवढ्यात तिघांना बसवायचं. नुसत्या नणंदेला घेऊन बसले तर धाकटे दोघं डोक्यावर नाचणार. पहिलं पुस्तक आणलं आमच्या यजमानांनी, भंडाऱ्याहून. म्हणजे पुस्तकांचा संचच होता, वयाप्रमाणे. लहानांच्या पुस्तकात पहिला महिना नुसत्या उभ्या रेघा, दुसरा महिना आडव्या. माझ्या पाच वर्षांच्या लेकीनं उभ्या रेघांचं पहिलं पान भरलं, दुसऱ्या पानाला खडू खाल्ला. मधल्या पुस्तकात चौकटी पाडून पोपट, आंबा, कमळ उतरवायचं. मुलानं पोपट उतरवला. चांगला उतरवला. आठवड्यानं म्हटलं, आता पुस्तक न बघता काढ, तर म्हणाला, ‘चौकटी कुठं आहेत?’ आंब्याच्या झाडाखाली उभा राहून त्याला पोपट पुस्तकातला पाहिजे! मी ते पुस्तक पाटावरून उचललं ते थेट माळ्यावर टाकलं. यजमान म्हणाले, ‘अवं, पैसे पडले हायेत.’ म्हटलं, पडू द्या.

मग टपालानं नागपूरहून धडे येतात असा एक कोर्स होता, त्याचे दोन धडे मागवून पाहिले. तो फक्त मोठ्यांचा. त्यात पहिलीच वस्तू फुलदाणी. आमच्या घरी फूल ठेवत ते देवापुढं, नाही तर केसात. फुलदाणी मी काय आभाळातून आणू? नणंद बिचारी धड्यातलं चित्र बघून फुलदाणी काढायची आणि विचारायची, ‘वहिनी, हे मागून कशी असते?’ मला काय माहीत मागून कशी असते! मीही ती चित्रातच पाहिलेली. एक पुस्तक धाकटीचं, एक मधल्याचं, एक मोठीचं, आणि मी तिघांच्या मध्ये. एक ना धड, भाराभर चिंध्या.

एक दिवस चिडून मी सगळं मिटवलं आणि कोपऱ्यातलं सूप उचलून तिघांच्या मध्ये ठेवलं. म्हटलं, ‘काढा हे.’ शिकवायचा विचार वगैरे नव्हता, डोकं फिरलं होतं म्हणून. पण झालं असं, की तिघंही सुपाभोवती सरकून बसली. धाकटी सुपाच्या काठावरून बोट फिरवत होती. मुलगा बोलला, ‘आई, हे मागं गोल अन् पुढं सपाट आहे गं.’ रोज घरात असणारं सूप त्यानं पहिल्यांदा पाहिलं होतं. आणि नणंदेनं ते भिंतीला टेकवून तिरपं केलं, मग त्याच्या सावलीकडं बघत राहिली.

तेव्हा मला घोडं कुठं पेंड खातं ते कळलं. तिघांना तीन पुस्तकं नकोच होती. वस्तू एकच ठेवायची, मागणं वेगळं करायचं. धाकटीनं डोळे मिटून हात फिरवायचा आणि मग हाताला लागलं तसं काढायचं. मुलानं समोरून एकदा, मागून एकदा काढायचं. नणंदेनं तिरपं ठेवून, सावलीसकट. सुपानंतर तांब्या, मग वांगी, मग केरसुणी. आठवड्याला एक वस्तू, बस. हाच माझा अभ्यासक्रम. कुठं छापला नाही, पण तेवढा मी पुढं कुणाच्याही तोंडावर फेकू शकले असते.

राहिला प्रश्न कागदाचा. तिघं मिळून दिवसाला दिस्ता संपवतील, तर तो आणायचा कुठून? मागच्या पडवीची भिंत लांबलचक, शेणा-मातीनं सारवलेली. मी आत्याबाईंना ती मागितली. त्या एकदम उखडल्या. ‘भिंत सणासुदीची असते. तिथं तू केरसुनी काढतं? घरात लक्ष्मी राहील का?’ दोन दिवस आमच्या दोघींचं बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी पाहिलं तर भिंत ताजी सारवलेली, आणि खाली वाटीत तांदूळ वाटून केलेलं पांढरं पाणी ठेवलेलं. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, ‘खडूनं भिंत खराब होते. ह्यानं काढा. दर शनवारी मी पोतून देईन.’

त्या तांदळाच्या पाण्याची गंमत माहेरी मला ठाऊक नव्हती. काडीला कापूस गुंडाळून ते भिंतीवर ओढलं की ओलं असताना काहीच दिसत नाही. नुसती भिजल्याची खूण. मग हळूहळू वाळतं आणि पांढरीशुभ्र रेघ वर येते. पोरांना त्याचं कोण कौतुक! नवखा माणूस दिसत नाही म्हणून पुन्हा पुन्हा गिरवतो आणि वाळल्यावर रेघेचा सोटा होतो. आत्याबाई पोरांच्या मागं उभ्या राहून एकच सांगायच्या, ‘पातळ लाव. जोर देऊ नको. वाळू दे, मंग बोल.’ नणंदेचा हात त्या भिंतीवर असा काही बसला, की ओल्या, न दिसणाऱ्या रेघेतून ती सगळं चित्र काढून जायची आणि मागं सरकून वाट बघायची. मग पाच-दहा मिनिटांत भिंतीवर बैल उभा राहायचा. शेजारच्या बाया तो उगवताना बघायला यायच्या.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, मुलाचा चाकांचा लाकडी बैल आम्ही मध्ये ठेवला. मुलानं फक्त चाकं काढली, कारण त्याला चाकं आवडत. धाकटी पालथी पडून बैल बघत होती आणि मग भिंतीवर काढत होती, त्यामुळं तिच्या बैलाला पोट आणि चार पाय एवढंच होतं. मी रागवायला लागले तर नणंद म्हणाली, ‘वहिनी, ती जिथून पाहून राहिली, तिथून तसाच दिसते.’ आणि ती स्वतः धाकटीच्या शेजारी पालथी पडली, पाहायला. त्या क्षणी मला पक्कं वाटलं, ही मास्तरीण होणार. मामाजी गोठ्यातून येताना थांबले, तीन बैल पाहिले आणि म्हणाले, ‘एकबी कामाचा नाही.’ नणंद हसू दाबत आत पळाली.

परीक्षेसाठी रंगाची पेटी लागणार होती. ती माझ्या भावानं तुमसरहून पाठवली. पाण्याच्या रंगांच्या वड्या, ओळीनं लावलेल्या, आणि दोन ब्रश. घरात एवढी सुंदर वस्तू आलीच नव्हती. आमच्याकडं रीत अशी, की नवी वस्तू आधी देवापुढं, आणि मग ज्या कामासाठी आणली त्या कामालाच. नवं लुगडं सणाला, नवा विळा कापणीला. आत्याबाईंनी पेटीला हळदकुंकू लावलं, गणपतीत देवाजवळ मांडली आणि बजावलं, ‘परीक्षेच्या दिवशीच उघडाची. आधीच उष्टी करू नका.’ मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मलाही ती पेटी मोडवेना. कोऱ्या वड्यांवर पहिला ओला ब्रश आपण ठेवायचा, ही कल्पनाच कशीतरी वाटायची. आणि हात तर बसलाच होता. रंग भरणं म्हणजे काय, रेघेच्या आत रंग लावायचा!

धान पोटरीला आलं होतं तेव्हा परीक्षा झाली. मी तिच्याबरोबर साकोलीला गेले. आदल्या दिवसाचा वस्तुचित्राचा पेपर फार चांगला झाला होता. बादली आणि दोन वांगी आली होती! आम्ही दोघी रस्त्यानं वेड्यासारख्या हसलो होतो. दुसऱ्या दिवशी नक्षीचा आणि रंगाचा पेपर. मी शाळेच्या फाटकाशी कडुनिंबाखाली बसले होते. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पाहून मी उठूनच उभी राहिले.

‘वहिनी, माहे रंग गेले.’

‘गेले म्हणजे? सांडले?’

‘नाही. ओले होते तवा बराबर दिसून राहिले होते. मी पातळच लावले. म्हटलं, वाळले का वर येतीन. मी हात बांधून वाट पाहत बसली, वहिनी. बाकीच्या पोरी करून राहिल्या होत्या अन् मी बसली होती. वाळले त अजून फिक्के झाले. दिसेचनात.’

मला समजायलाच थोडा वेळ लागला. तांदळाचं पाणी वाळलं की उजळतं, आणि हे रंग वाळले की मावळतात. ज्या पोरीचा हात महिनोन्‌महिने वाट बघायला शिकला, तिनं परीक्षेतही वाटच बघितली. माझ्या डोळ्यांपुढं ती भिंत, तो गणपती, ती हळदकुंकू लावलेली पेटी सगळं गरगर फिरलं. मला रडू आलं आणि संतापही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एक दिवस, फक्त एक दुपार ती पेटी उघडली असती तर!

‘मग काय केलंस?’

‘मंग दुसरा हात मारला. टाइम पुरला तितक्या पाकळ्याईले. उरलेल्या तशाच राहिल्या, धुतल्यासारख्या.’

घरी येऊन तिनं तेच, तसंच सांगितलं. लपवलं नाही. मला वाटलं होतं मामाजी जिंकल्यासारखे हसतील. ते हात धुऊन जेवायला बसले. आत्याबाई मात्र चुलीपुढं बसल्या बसल्या स्वतःच्या गालात मारून घेत होत्या. ‘म्याच म्हटलं होतं, उघडू नका. माया तोंडाले आग लागो.’ नणंदेनं त्यांचा हात धरला. त्या दिवसापासून आमच्या घरात परीक्षेचं नाव कोणी काढलं नाही. मी दुपारी तिघांना घेऊन बसतच होते. पण आता नणंद जे काढायची ते कशासाठी, हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही.

धान चुरून, म्हणजे मळून, कोठीत गेलं आणि कोंढ्याचे लोक येऊन गेले. पोरगी त्यांना पसंत पडली. बोलणी पक्की करायला पुढच्या आठवड्यात यायचं ठरलं. त्याच आठवड्यात यजमान साकोलीहून निकाल घेऊन आले. दारातूनच म्हणाले, ‘हाये पास. पन सगळ्यात खालची श्रेणी हाये.’ श्रेणीचं लगेच दारातूनच सांगायचं असतं का? मला त्यांच्या डोक्यात तांब्या घालावासा वाटला.

आत्याबाई हळूच म्हणाल्या, ‘म्हंजे घासून-पुसूनच.’ यजमान म्हणाले, ‘तसंच म्हना. येवढ्यावर पुढं कोन घेईल?’ सगळ्यांनी मामाजींना वाट करून दिली होती. त्यांनी फक्त मान हलवायची होती.

त्यांनी लेकीला विचारलं, ‘पास का नापास, येवढं सांग.’

ती खाली बघत म्हणाली, ‘पास.’

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, खांद्यावर दुपट्टा टाकला आणि एकटेच कोंढ्याच्या एस.टी.ला गेले. संध्याकाळी परत आले. ओट्यावर टेकून मला म्हणाले, ‘पानी दे.’ पाणी प्याले आणि भिंतीकडं बघत बोलले, ‘सांगून आलो त्याईले. पोरगी शिकून राहिली म्हनून.’ नणंद दाराआड उभी होती, ती तिथंच खाली बसली आणि रडायला लागली. मीही. त्यांना ते आवडलं नाही. उठून गोठ्यात गेले.

पण तो सगळा उन्हाळा ते माझ्याशी धड बोलले नाहीत. काही हवं असलं की नातवाच्या तोंडून सांगायचे. मला वाटलं, हातची जमीन गेली, म्हशी गेल्या, म्हणून फुगलेत. मनात म्हणायची, फुगा! चांगलं शेतीचं घर सुटलं की या पुरुषांना पोरगी गेल्यापेक्षा जास्त लागतं. आमच्या कामात मात्र खंड पडला नाही. रंगाची पेटी आता रोज उघडी असायची. धाकटीनं तर पहिल्याच दिवशी सगळ्या वड्यांवर ओला ब्रश फिरवून त्यांचा चिखल केला. नणंद दुसऱ्या परीक्षेत चांगल्या श्रेणीत आली, दहावी झाली, नागपूरला कोर्सला गेली. दरवर्षी मामाजी म्हणायचे, ‘हे शेवटचं साल.’ आणि दरवर्षी धान विकलं की तिच्या फीचं पहिलं बाजूला काढायचे.

नोकरी लागली ती पार चंद्रपूरच्या पलीकडं, जंगलातल्या एका शाळेत. इथून निघालं तर तीन गाड्या बदलायच्या, आणि पावसाळ्यात नाले चढले की तेही नाही. तिला पोचवायला यजमान गेले. मामाजी आणि मी साकोलीच्या स्टँडपर्यंत. तिची लोखंडी पेटी त्यांनी कुणाला उचलू दिली नाही. गाडी गेली, धूळ बसली, तरी ते तिथंच कट्ट्यावर बसून राहिले. मी म्हटलं, ‘चला मामाजी.’

ते म्हणाले, ‘कोंढ्याले काय होतं, मालूम हाये का तुले?’

मी म्हटलं, ‘शेती होती. म्हशी होत्या.’

‘एस.टी. होती. सकाळी बसलो का जेवनाच्या टायमाले पोरीच्या घरी. तिच्या हातचं खाऊन संध्याकाळी वापस. म्हनून ते घर पाहिलं होतं म्या. बाकीचं काही नाही.’

इतक्या वर्षांत मला हे सुचलंच नव्हतं. मी विचारलं, ‘मग तेव्हा मोडलं कशाला? श्रेणी तर खालचीच होती. घरात सगळे तुमच्याच बाजूनं होते.’

त्यांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले, सगळ्या स्टँडदेखत.

‘पोरगी पास झाली होती न, बाई,’ ते म्हणाले.